नवतप्यातली परसबाग आणि मूठभर भाजीचा स्वयंपाक

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नागपुरात नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दर वर्षी जात नसला तरी या दिवसांत ४४-४५ अंशांचं कुणाला काही वाटत नाही. गच्चीवरची किंवा घरामागची बाग दुपारी मान टाकून पडलेली असते. अशा बागेकडे काय मागायचं, असं वाटतं. तरी सकाळी सूप घेऊन एक चक्कर मारली की काहीतरी हाती लागतंच: सहा भेंड्या, तीन ढेमसं, मूठभर बरबटी (चवळीच्या शेंगा), एक वाकडी काकडी, रात्रीच्या वाऱ्याने पाडलेल्या चार कैऱ्या.

अडचण नेमकी इथे आहे. बाजारची भाजी पाव-अर्ध्या किलोने येते आणि पाककृतीही त्याच हिशेबाने लिहिलेल्या असतात. बागेची भाजी मात्र मुठीने येते. चार माणसांच्या घरात सहा भेंड्या कुणाला पुरणार? मग ‘उद्या अजून निघतील’ म्हणून त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जातात. पुरेशा जमेपर्यंत पहिल्या काळ्या पडलेल्या असतात. घरची भाजी वाया जाते ती बहुतेक अशीच.

म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पदार्थ ठरवून बागेत जाऊ नये. सुपात काय आलं ते बघावं, आणि कुठलीही मूठ सामावून घेणाऱ्या तीन-चार रीती हाताशी ठेवाव्यात. त्याच इथे सविस्तर देते.

तोडणी उजाडताच

मेअखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेसहाच्या आत तोडणी आटपून घ्या. रात्रभर झाड पाणी ओढून घेतं, म्हणून सकाळची काकडी कटकन मोडते. तीच अकरा वाजता तोडली तर हाताला गरम लागते आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवूनही मरगळलेलीच राहते. संध्याकाळची तोडणी इतर ऋतूंत ठीक आहे. नवतप्यात रात्री आठलाही गच्चीची फरशी तापलेली असते, तेव्हा सकाळच बरी.

भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, त्या दिवशी भाजी करायची नसली तरी. या उन्हात तिच्यात बघता बघता दोरे येतात. टोक अंगठ्याने दाबून पाहा. टक्कन तुटलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. जून भेंडी चिरून बाकीच्या भाजीत मिसळू नका, एका भेंडीपायी सगळी भाजी चोथट लागते. ती झाडावरच वाळू द्या, बियाणं होईल. गवारही मोडून बघायची आणि कडेचा दोरा निघाला तर ओढून टाकायचा. बरबटीचे दाणे बाहेरून फुगलेले दिसायच्या आत शेंग काढा. दोडक्याच्या शिरा ताठ असाव्यात, पण दाबल्यावर साल मऊ लागावी.

ढेमसाकडे जरा लक्ष द्यावं लागतं. लिंबाहून थोडं मोठं, अंगावर बारीक लव असलेलं, नख सहज रुतणारं ढेमस सगळ्यात चांगलं. मुठीएवढं झालं की आतल्या बिया कडक होतात. मग ते भरायच्या कामाचं राहत नाही. बिया काढून फोडी रश्शात टाकायच्या, एवढाच त्याचा उपयोग.

वेलावरचं काहीही ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा. उन्हाने दमलेला वेल एका हिसक्याने मुळाशी हलतो आणि दुसऱ्या दिवशी अख्खा सुकलेला दिसतो.

आता धुण्याचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं आणि सकाळीही कोमटच असतं. अशा पाण्याने पालेभाजी धुतली की ती नळाखालीच मऊ पडते. रात्री एक बादली भरून आत सावलीत ठेवा, सकाळी तिच्यातलं पाणी वापरा. चवळाई (माठासारखी पालेभाजी) किंवा पुदीना त्या गार पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवला की पानं पुन्हा टरटरून येतात. भेंडी मात्र बुडवायची नाही. वरून पाणी ओतायचं, लगेच फडक्याने पुसायची आणि पंख्याखाली पसरायची.

टोक चाखल्याशिवाय चिरू नका

काकडी, दुधी, दोडका, ढेमस हे सगळे एकाच कुळातले वेल. पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं की या फळांत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढू शकतं. म्हणून प्रत्येक फळाच्या देठाकडची एक बारीक चकती जिभेवर टेकवून पाहा. देठ कापून घासायचा आणि फेस काढायचा, ही सवय घराघरांत आहे. करा हवं तर, पण त्यावर विसंबू नका. जिभेला कडू लागलं तर ते फळ टाकून द्यायचं, गुरांपुढेही टाकायचं नाही. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही, साखर-मिठाखाली तो दडतो एवढंच.

दुधीच्या बाबतीत तर हयगय नकोच. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. ‘औषध कडूच असतं’ हे इथे लागू नाही. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांमुळे असतो, त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

सुपातले तीन ढीग

आत आल्यावर तिथल्या तिथे तीन वाटे करा. आज संपवायचं: चवळाई, सांभार (कोथिंबीर), फुटलेली किंवा ठेच लागलेली कैरी, दोडका. दोन-तीन दिवस थांबू शकेल असं: भेंडी, बरबटी, गवार, काकडी, ढेमसं. आणि वाळवायचं: जास्तीची गवार, पुदीना, गोडलिंब (कढीपत्ता), आंबट कैऱ्या.

थांबणाऱ्या भाजीला ओल नको आणि कोरडी हवाही नको. भेंडी आणि शेंगा कोरड्या करून सुती पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली तरी दिवसभर छान राहते. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेली भाजी या दिवसांत आतून घामेजते आणि दोन दिवसांत चिकट होते.

कैऱ्यांचा चीक आधी उतरवा. देठ थोडा ठेवून कैरी तोडली असेल तर देठ मोडून कैरी उलटी धरा, चीक ठिबकू द्या, मग तासभर पाण्यात ठेवा. चीक अंगाला लागला की खाज सुटते आणि घशालाही खवखवतो.

टमाटर नाही, मग आंबट कशाचं?

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रीही गरम असल्या की टमाटरच्या फुलांत फळ धरत नाही, फुलं गळतात. मेमध्ये झाड हिरवं दिसतं, फळ नसतं. झाडाचा काही दोष नाही, खत घालत बसू नका. निसर्गाने त्याच वेळी कैरी दिलेली आहे. या महिन्यात डाळीत, भाजीत, चटणीत, सगळीकडे आंबटाचं काम कैरीकडे द्या.

तिच्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, भेंडीचा तार आंबटाने तुटतो. परतताना पोह्याचा एक चमचा कैरीचा कीस घातला की भेंडी मोकळी होते. दुसरं, डाळ शिजण्याआधी कैरी घालायची नाही. आंबटाने डाळीचं साल आणि गर लवकर मऊ होत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ आधीच हट्ट करते, त्यात कैरी पडली की कुकरच्या शिट्ट्या मोजत बसा. आधी डाळ पूर्ण शिजवा, घोटा, मग फोडणीत कैरीच्या फोडी परतून तिच्यात घाला.

पीठ पेरून: कुठल्याही दोन मुठींची भाजी

मूठभर भाजी चौघांना पुरवायची तर बेसनासारखा सोबती नाही. ही रीत एकदा हातात बसली की सुपात काय आलं याची चिंता राहत नाही.

चिरलेली मिश्र भाजी अंदाजे २५० ग्रॅम घ्या: बरबटी, गवार, दोडका, भेंडी, जे असेल ते. बेसन पोह्याचे चार चमचे भरून घ्या आणि कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा. खमंग वास आला आणि रंग किंचित बदलला की काढून ठेवा. इथे घाई करू नका. कच्चं बेसन भाजीला चिकटून लगदा होतो, भाजलेलं बेसन मोकळं राहतं.

भाजी चिरताना जात बघून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण सगळ्या एकदम कढईत जाणार नाहीत. गवार आणि बरबटी कडक, म्हणून त्या आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं टाकून निथळून घ्या. दोडका स्वतःचं पाणी सोडतो. भेंडीला पाणी सहन होत नाही.

कढईत पोह्याचे दोन चमचे तेल तापवा. शक्यतो फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल घ्या, या भाजीला तेच शोभतं. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, सात-आठ पानं गोडलिंब, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे घाला. उन्हाळ्यातल्या घरच्या मिरच्या आकाराने लहान पण फार झणझणीत असतात, तेव्हा नेहमीच्या अर्ध्याच घाला. मग हळद, आणि लगेच उकडलेली गवार-बरबटी. ती तेलात माखली की दोडका. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. दोडक्याचं पाणी बऱ्यापैकी आटलं की भेंडी आणि कैरीचा कीस घालून, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर चार मिनिटं परता.

आता आच बारीक करा. बेसन चिमटीने सगळीकडे भुरभुरवा, एका जागी ओतू नका. मीठ, चिमूटभर गूळ. उलथन्याने खालून वर हलक्या हाताने करा. पीठ कोरडं दिसत असेल तर हात ओला करून कढईवर दोन-तीनदा झटका, वाटीने पाणी ओतू नका. झाकण ठेवून चार मिनिटं वाफ द्या. झाकण काढल्यावर बेसनाचे ओलसर दाणे भाजीला लागलेले दिसले पाहिजेत. बोटाने दाबल्यावर पांढरं पीठ दिसलं तर अजून दोन मिनिटं. वरून सांभार, आणि ज्वारीची भाकरी.

या भाजीत चवळाईचे कोवळे देठसुद्धा बारीक चिरून जातात. कारल्याच्या पातळ चकत्याही चालतात, पण त्या आधी मीठ चोळून, पिळून, वेगळ्या कुरकुरीत परतून शेवटी मिसळायच्या. नाहीतर सगळ्या कढईवर कारल्याचं राज्य होतं.

एका कढईत वेगवेगळी भरली भाजी

भरल्या भाजीला आठ-दहा एकसारखी ढेमसं किंवा वांगीच हवीत असं कुणी ठरवलं? मसाला एकच ठेवा आणि त्यात तीन ढेमसं, सहा भेंड्या, दोन लांबट मिरच्या, एखादं वांगं असं सगळं भरा. फक्त कढईत घालायच्या वेळा वेगळ्या ठेवा.

मसाल्यासाठी भाजलेल्या फल्लीदाण्यांचं अर्धी वाटी जाडसर कूट, पोह्याचे दोन चमचे भाजलेले तीळ कुटून, तितकंच भाजलेलं सुकं खोबरं, पोह्याचा एक चमचा तिखट, एक चमचा धने-जिरेपूड, हळद, मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन चमचे कैरीचा कीस आणि चिरलेला सांभार. यावर एक चमचा कच्चं तेल घालून बोटांनी चुरा. तेलामुळे मसाला मुठीत गोळा धरतो आणि भाजीतून सांडत नाही. सावजीचा काळा मसाला घरात असेल तर पाव चमचा पुरे. जास्त घातला तर ढेमसाची चव शोधूनही सापडायची नाही.

ढेमसाचं साल सोलू नका, सुरीच्या पाठीने खरवडून लव काढा. देठाकडून न कापता खालून अधिक चिन्हाची चीर द्या, देठाशी बोटाच्या पेराएवढा भाग जुळलेला राहू द्या. आत मीठ चोळून पाच मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी झटका आणि मसाला दाबून भरा. भेंडीला एकच उभी चीर.

पसरट कढईत पोह्याचे तीन चमचे तेल, मोहरी, हिंग. आधी ढेमसं आणि वांगं, चीर वर करून. कढईवर खोलगट ताटली झाका आणि ताटलीत पाणी ओता. झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून पुन्हा खाली टपकते, आणि वेगळं पाणी न घालता भाजी शिजते. मंद आचेवर दहा मिनिटं. मग ढेमसं उलटवा, कडेला भेंड्या आणि मिरच्या लावा, पुन्हा झाका. अजून आठ-नऊ मिनिटांनी ढेमसाच्या सालीत सुरीचं टोक सहज गेलं की झालं. उरलेला मसाला आता वरून घाला आणि झाकणावरचं गरम पाणी दोन चमचे शिंपडा. आधी घातला असता तर तो तळाला करपला असता.

डाळीत चवळाई

पालकाचा हंगाम उन्हाळ्यात नसतो, लावला तरी तो लगेच दांड्यावर येतो. डाळभाजीसाठी चवळाई किंवा लाल माठ घ्या. पाऊण वाटी तुरीची डाळ, पोह्याचे दोन चमचे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि तितकेच भिजवलेले फल्लीदाणे. डाळ-दाणे कुकरात शिजवा. दोन-तीन मुठी पाने बारीक चिरून फोडणीत लसूण-मिरचीवर परता, ती आळली की कैरीच्या पाच-सहा पातळ फोडी, मग घोटलेली डाळ. उकळी आली की पाच मिनिटं पुरेत. फार उकळवली तर चवळाईचा रंग जातो.

कुकर लावलाच आहे तर वरच्या डब्यात पन्ह्याच्या कैऱ्या ठेवून द्या. एकाच गॅसवर खाली डाळ, मधे भात, वर कैरी. नवतप्यात साडेआठनंतर ओट्यापुढे उभं राहवत नाही, कूलरचा वारा तर आचेलाच पळवून लावतो. जे एका कुकरात होईल ते करून घ्यावं. शिजलेल्या कैरीचा गर एक वाटी असेल तर चिरलेला गूळ दीड वाटी, चिमूटभर मीठ, वेलची. हे मिश्रण काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. प्यायच्या वेळी एक भाग गराला चार भाग माठातलं पाणी. फ्रिजमधल्या पाण्याने कैरीचा वास दबतो असं माझं मत आहे, घरात सगळ्यांना ते पटत नाही.

शिजवलेलं अन्न सकाळी दहानंतर ओट्यावर ठेवू नका. डाळ-भात या हवेत दुपारपर्यंत आंबूस होतो. पहिली वाफ गेली की लहान भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा.

न शिजवता

काकडीची कोशिंबीर करताना मीठ अगदी पानावर बसायच्या वेळी घाला. उन्हाळी काकडीत पाणी कमी असतं, ते मिठाने सुटलं की खाली तळं आणि वर चोथा. काकडी किसू नका, कोचून बारीक चिरा. दोन वाट्या काकडीला पाऊण वाटी फल्लीचं कूट, एक हिरवी मिरची, लिंबाचा रस, चवीला साखर, आणि वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी.

दही हवं असेल तर विरजणाचं वेळापत्रक बदला. रात्री लावलेलं दही या दिवसांत पहाटेच आंबटढाण होतं. सकाळी सहाला कोमट दुधात, अर्ध्या लिटरला चहाचा अर्धा चमचा विरजण लावा. साधारण दहापर्यंत लागतं, लागलं की लगेच फ्रिजमध्ये. जेवताना गोड दही मिळतं.

तक्कू म्हणजे किसलेल्या कैरीचं फोडणी दिलेलं तोंडीलावणं. त्याला कैरी कडक हवी, आतला बाठा तयार झालेला नसला तर उत्तम. एक वाटी कीस, पोह्याचे दोन-तीन चमचे चिरलेला गूळ, चहाचा एक चमचा तिखट, मीठ. पोह्याच्या दोन चमचे तेलात मोहरी, आठ-दहा मेथीदाणे, हिंग, हळद. ही फोडणी पूर्ण गार होऊ द्या, मगच किसावर ओता. गरम ओतली की कीस मऊ पडतो आणि तक्कूची सगळी मजा दाताखालच्या कुरकुरीत किसात आहे. असा तक्कू फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. कांदा घालायचा असेल तर त्या दिवसापुरत्या वाट्यातच घाला.

दोडक्याच्या शिरा टाकू नका. तेलावर चुरचुरीत परता, तीळ आणि हिरव्या मिरचीबरोबर कुटा, मीठ घाला. एका दोडक्याची दोन घासांची चटणी होते, पण काय चटणी होते!

गोडलिंबाला हे ऊन मानवतं. झाड फोफावलं असेल तर फांद्या छाटाच, पाऊस आला की नवी पालवी येते. छाटलेली पानं धुऊन, पंख्याखाली पूर्ण कोरडी करून, दोन वाट्या घ्या. अर्धी वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. त्याच कढईत चमचाभर तेलावर पानं कुरकुरीत करा. पाव वाटी तीळ, पाच-सहा लाल मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, मीठ आणि आमचूर, सगळं गार झाल्यावर थांबून थांबून फिरवा. मिक्सर सलग चालवला की जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो.

उरलेलं उन्हाच्या हवाली

ज्या उन्हाला दिवसभर नावं ठेवतो, ते वाळवणासाठी सोन्याचं आहे. नुसत्या तापमानाने काम होत नाही, मेअखेरची आपली हवा कोरडीठाक असते म्हणून भाजी बुरशी न धरता वाळते. मृगाचे ढग यायला लागले, जूनच्या ७-८ तारखेनंतर दमट झुळूक जाणवली, की हा धंदा आवरता घ्या.

गवार अख्खी ठेवून मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाका, निथळा, जुन्या सुती धोतरावर एकेरी पसरा. अंगाला अंग लागलं की मधली ओली राहते. दोन दिवसांत शेंग हातात कटकन मोडायला लागते. बागेतली मूठ कमी पडत असेल तर बुधवार बाजारातून अर्धा किलो आणून तिच्यात घाला, त्यात लाज कसली. पावसाळ्यात ही गवार तळून वरण-भाताबरोबर खायची. भेंडीच्या चकत्या न उकडता तशाच वाळवायच्या. त्या एका कडक उन्हात होतात, तरी दुसरं ऊन द्याच.

आमचुरासाठी सगळ्यात आंबट कैऱ्या निवडा. सोलून, बटाट्याच्या वेफर्सच्या किसणीवर पातळ काप काढून तीन दिवस वाळवा. काप वाकला तर अजून ओला आहे, तुटला तर दळा. पुदीना मात्र उन्हात नको. पानं काळी पडतात आणि वास उडून जातो. खोलीत, पंख्याखाली, कागदावर पसरला की दीड-दोन दिवसांत हिरवाच्या हिरवा चुरा होतो.

वाळवणावर मलमल झाका, धूळ आणि चिमण्या दोन्हींसाठी. दुपारी चारनंतर पश्चिमेकडे आभाळ मळलेलं दिसलं की थांबू नका, सगळं आत घ्या. नवतप्यातली वावटळ दार वाजवून येत नाही, पाच मिनिटांत तीन दिवसांची मेहनत शेजारच्या गच्चीवर असते.

उन्हातून आणलेलं वाळवण लगेच बरणीत भरू नका. तासभर घरात गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि बरणीच्या काचेला पाणी सुटतं. कोरडी काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारी जागा. आषाढात एखाद्या उघडिपीच्या दिवशी बरण्या उघडून बघा. गवार मोडायच्या ऐवजी वाकत असेल तर जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं फिरवा आणि गार करून परत भरा. बुरशीचा वास आला किंवा पांढरे ठिपके दिसले तर ती बरणी रिकामी करून टाका, तळून खायचा मोह नको.